मासे मजेत आहेत

मासा वर आला, पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावलं, हवेचा एक घोट घेतला आणि पुन्हा खाली गेला. नमुन्याच्या बाटल्यांची जाळी हातात घेऊन ती काचेच्या टाकीसमोरून पुढे चालली होती. दोन पावलं पुढे गेल्यावर तिला जाणवलं, आपण आत्ता काहीतरी पाहिलं. ओळखीच्या जिन्यावर एखादी पायरी नसावी आणि पाय उगाच खोल जावा, तसं झालं. ती मागे फिरली. टाकीत मासे होते, रोज असतात तसे. करडे, आखूड, पोटाशी भरलेले, आपापल्या कामात. तिनं जाळी जमिनीवर ठेवली आणि वाट पाहिली. दुसरा एक वर आला. घोट. खाली. मग पहिलाच परत, किंवा त्याच्यासारखाच दुसरा कुणी. त्यांच्या त्या वर येण्यात कसलीही घाई नव्हती. दुपारच्या कामातून उठून गॅलरीत दोन मिनिटं उभं राहावं तसे ते येत होते आणि जात होते.

या टाकीत जे मासे असायला हवेत त्यांना हे येत नाही. त्यांना पाण्यात जेवढा प्राणवायू असेल तेवढ्यावरच भागवावं लागतं आणि तो कमी पडला की ते मरतात. पाण्यात काही आलं तर मरतात. म्हणून तर त्यांना इथे ठेवायचं. शहराच्या पाण्याची ही पहिली खोली. नदीतून उपसलेलं कच्चं पाणी इथे शिरतं, पुढे त्यात तुरटी पडते, मग ते निवळतं, गाळलं जातं, क्लोरीन घेतं आणि टेकडीवरच्या टाकीत चढून लोकांच्या स्वयंपाकघरांत उतरतं. त्या सगळ्याच्या आधी, करंगळीएवढ्या नळीतून त्याची एक धार या काचेच्या टाकीत पडत राहते. वर तिची प्रयोगशाळा होती, तिथे यंत्रं होती, आणि तिचा यंत्रांवर विश्वासही होता. पण चाचणीला आपण जे विचारू तेवढंच ती सांगते. ज्याचं नावच आपल्याला ठाऊक नाही, जे विचारायचं आपल्याला सुचलेलंच नाही, असं काही पाण्यातून आलं तर त्याचं उत्तर एखाद्या जिवाकडूनच मिळतं. नोकरीला लागली तेव्हा तिला हे फार आवडलं होतं. एवढ्या मोठ्या कारखान्याच्या दाराशी चार चंदेरी, बारीक, भित्रे मासे.

"हे मासे कुठले?" तिनं विचारलं.

ऑपरेटर खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधत होता. "आपलेच की, मॅडम."

"आपल्याकडे चंदेरी होते ना? बारीक?"

"ते? ते कधीच गेले." तो नाडी सोडून उठला आणि कौतुकानं टाकीपाशी आला. "ते नुसते मरायचेच हो. जरा ऊन वाढलं, मेले. पाणी जरा गढूळ झालं, मेले. काही झालं नाही तरी मेले. आणि एक मेला की लगेच पाण्याची दारं बंद करा, नमुने घ्या, साहेबांना उठवा, सगळीकडे बोंबाबोंब. आणि शेवटी निघायचं काय? काही नाही. सकाळी कामावर आलं की आधी मेलेलं तोंड बघायचं. आमच्या पाळीतल्या पोरांना करमेना इथे. मग मी म्हटलं, कशाला त्या मुक्या जिवांचे हाल? हे बघा." त्यानं काचेवर टिचकी मारली. "गटारात सोडा, गटारात जगतील. एक नंबर काटक."

"पण ते मरायलाच—" ती म्हणाली आणि थांबली. वाक्य पूर्ण केलं असतं तर ते फार क्रूर वाटलं असतं.

"तुम्हाला सांगितलं होतं की मी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "तुम्ही 'बरं' म्हणालात."

म्हणाले असेन, असं तिला वाटलं. तिला ते आठवत नव्हतं, पण आपलं 'बरं' तिला नेमकं ऐकू आलं. सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता म्हटलेलं, जरासं लांबवलेलं 'बरं'. रोज सकाळी जिना चढता चढता ती विचारायची, "मासे काय म्हणतात?" आणि खालून उत्तर यायचं, "मजेत आहेत, मॅडम." ते उत्तर ऐकून ती वर जायची आणि तिचा दिवस सुरू व्हायचा. घरीही ते पोहोचलं होतं. संध्याकाळी ती दारात चपला काढत असली की नवरा पेपरामागून म्हणायचा, "काय म्हणतात तुमचे मासे?" आणि ती म्हणायची, "मजेत." लग्न जुनं झालं की अशी दोन-चार वाक्यं उरतात, त्यांवर घर चालतं. कितीतरी महिने ती सकाळ-संध्याकाळ हे म्हणत आली होती आणि तेवढे सगळे महिने टाकीत हे करडे, हवा पिणारे मासे होते. ते मजेत होते हे खरंच होतं. ते कशातही मजेतच राहिले असते.

ती जाळी उचलून वर गेली. नमुने लावले. हात आपोआप चालत होते. बाटलीला खडूनं खूण, झाकण, पिपेट, थेंब, रंग. रंग हवा तसाच आला. तिला काल संध्याकाळचा दादाचा फोन आठवत होता. म्हणजे आठवत होता असंही नाही, तो सकाळपासून तिच्यात कुठेतरी चालूच होता, शेजारच्या घरात पंखा चालू असावा तसा. "घर घेतलं," दादा म्हणाला होता. "समुद्राला लागून. अगदी लागून गं. तळमजला. व्हरांड्यात बसून गळ टाकला तर जेवणाची सोय होईल. तुझी वहिनी आत्ताच तिकडे पडद्यांची मापं घेत बसलीय." त्याचा आवाज हसरा होता. ती म्हणाली, "अरे वा! छानच." नवऱ्यानं दुसऱ्या खोलीतून विचारलं, काय झालं, आणि तिनं सांगितल्यावर तो इतका हसला की त्याला खोकला आला. "भोंगा बंद झाला!" तो म्हणाला. "शेवटी बंद झाला! सांग त्याला, पार्टी हवी." तीही हसली. मग फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली, आणि भाजी चिरायला घेतलेली सुरी हातात धरून तशीच उभी राहिली. मोठ्या घरात आपण एकटेच जागे आहोत हे अचानक कळावं, तसं तिला झालं होतं.

भोंगा हे नाव नवऱ्यानंच ठेवलेलं, त्यांच्या लग्नाच्या दिवशी. दादा बंदरात इंजिनियर होता आणि त्याचं काम समुद्राची उंची मोजण्याचं होतं. धक्क्याच्या टोकाला एक विहीर होती, तिला खालून एक अरुंद नळी समुद्राशी जोडलेली. नळी मुद्दाम अरुंद, म्हणजे लाटा आत येत नाहीत. आत येते ती फक्त पातळी. विहिरीत एक तरंगता गोळा असायचा, भरतीबरोबर चढणारा, ओहोटीबरोबर उतरणारा. दादा तिला एकदा तिथे घेऊन गेला होता. बाहेर लाटा धक्क्यावर आपटत होत्या, फेस उडत होता, लोक ओरडत होते, आणि आत विहिरीत तो गोळा अगदी शांत होता. "बाहेर बघून काही कळत नाही," दादा म्हणाला होता. "इथे कळतं. रोजचं चढणं-उतरणं वजा केलं ना, की खाली एक उरतं. ते फक्त चढतंय." लोकांना लाटा दिसायच्या, दादाला ते खाली उरलेलं दिसायचं, आणि ज्याला ते दिसतं त्याला जेवताना गप्प बसवत नाही. तिच्या लग्नाच्या जेवणात त्यानं नवऱ्याच्या काकांना सरबताच्या पेल्यात ध्रुवांवरचा बर्फ समजावून सांगितला. तरंगणारा बर्फ वितळून पातळी वाढत नाही, जमिनीवरचा वितळून आत आला की वाढते. काका म्हणाले, "मग जमिनीवरचा कुठाय? मला तर पेल्यातलाच दिसतोय." तेव्हा दादानं वाढप्याच्या भांड्यातून बर्फाचे दोन मोठे खडे उचलून काकांच्या काठोकाठ भरलेल्या पेल्यात सोडले, आणि सरबत काकांच्या नव्या शर्टावर. "बघितलंत?" दादा म्हणाला, अतिशय कळकळीनं. त्यानंतर तो सगळ्यांचाच भोंगा झाला. बारशाला भोंगा, एकसष्टीला भोंगा, आजारी माणसाला बघायला गेलेला भोंगा. तिनं आणि नवऱ्यानं फ्लॅट बघितला तेव्हा तो बरोबर आला आणि दलालाला त्यानं एकच प्रश्न विचारला, "समुद्रसपाटीपासून उंची किती?" दलाल म्हणाला, "सर, लिफ्ट आहे ना!" हा विनोद घरात वर्षानुवर्षं पुरला.

आणि तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता असं नव्हतं. तेच तर होतं. घरात त्याचं गणित समजू शकणारी ती एकटीच. त्याच्या वजाबाक्या तिनं तपासल्या होत्या, त्या बरोबर होत्या. आकडे कळले की माणसं घाबरतात असं ती कॉलेजात असताना समजत होती. ज्यांना कळत नाही ते हसतात, ज्यांना कळतं ते जागे होतात. पण तिला कळत होतं आणि ती शांत झोपत होती. खालच्या मजल्यावरची शेजारीण, जिला टक्केवारीसुद्धा जमत नाही, तिनं एका वर्षी फोनवर फिरत आलेल्या संदेशावर विश्वास ठेवला होता, अमुक तारखेला पृथ्वीची गती थांबणार म्हणून. तिनं मेणबत्त्या आणल्या, दूधपावडर आणली आणि दाताच्या डॉक्टरची त्यानंतरची वेळ रद्द केली. "कशाला उगाच दात काढून घेऊ?" ती म्हणाली. तारीख उलटल्यावर दाढ सुजवून आली, पण ओशाळली नाही. तीच शेजारीण दादाच्या बोलण्यावर मात्र म्हणायची, "काहीतरीच. समुद्र काय आजचा आहे का?" तेव्हा ते सगळं गमतीचं वाटलं होतं. आता थेंब मोजता मोजता तिला वाटलं, तारखेवर विश्वास ठेवणं सोपं आहे. तारीख काही मागत नाही. ती येते आणि होते किंवा होत नाही, तोवर मेणबत्त्या आणून ठेवल्या की झालं. दादाचं तसं नव्हतं. त्याच्या म्हणण्यावर विश्वास ठेवायचा तर उद्या सकाळी उठून वेगळं काहीतरी करायला हवं, आणि परवाही. नवरा म्हणायचा, "माझ्या आयुष्यात जग इतक्यांदा बुडालं, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी ऑफिसला जावंच लागलं."

पण तिचं स्वतःचं काय होतं ते तिला आत्ता दिसत होतं, इतकं स्पष्ट की तिनं पिपेट खाली ठेवली. लहानपणी ती आणि दादा एका खोलीत झोपायची. सगळीकडे दिवे मालवले की दादा उठायचा. अनवाणी पावलं बोळातून स्वयंपाकघराकडे जायची, मग गॅसच्या बटणावर हात फिरल्याचा बारीक आवाज, एक, दोन, आणि खालच्या मोठ्या बटणाचा जाड आवाज. मग पावलं परत. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. आई रागवायची, वडील हसायचे, "आला का आमचा पहारेकरी?" तो कधीच सांगायचा नाही की बटण उघडं सापडलं किंवा नाही. आणि ती अंथरुणात पडून त्याची वाट पाहायची. गॅसची भीती तिला वाटायची नाही. गॅसची भीती दादाला वाटायची. पावलं परत आली, त्याच्या खाटेनं करकर केली, की तिचे डोळे मिटायचे. तो शिकायला दूर गेला त्या पहिल्या रात्री ती स्वतः उठून बघून आली. दुसऱ्या रात्रीही. मग एकदा कंटाळा केला, आणि काहीच झालं नाही, आणि हळूहळू विसरली. पण तोवर तो समुद्राकडे वळला होता. म्हणजे पावलं चालूच होती. फक्त बोळ लांब झाला होता. जन्मभर तो जेवणाच्या टेबलांवर, लग्नात, बारशात, हॉस्पिटलच्या खाटांशेजारी उठून उठून बटणं बघत होता, आणि ते सगळे त्याच्यावर हसत हसत झोपत होते. त्याच्यामुळे झोपत होते. काल फोनवर घर घेतल्याचं सांगून त्यानं जणू सांगितलं की तो आता झोपतोय, आणि ती जागी झाली.

दुपारी ती साहेबांकडे गेली. साहेब चांगले होते. त्यांनी तिला बसवलं, तिचं ऐकून घेतलं. "चाचण्या?" त्यांनी विचारलं. "चाचण्या व्यवस्थित आहेत," ती म्हणाली. "सगळ्या?" "सगळ्या." "मग अडलंय कुठे?" तिनं मासे पुन्हा समजावून सांगितले आणि बोलता बोलता तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, हळूहळू चढणारा, कळकळीचा, समोरच्याच्या पेल्यात खडा टाकायला निघालेला. साहेब कानामागे खाजवत होते. "तुम्ही म्हणता ते तत्त्वतः बरोबर आहे हो," ते म्हणाले, "पण लोकांचाही विचार करा. मागच्या वेळी आपण उकळून प्या म्हणून सांगितलं, निघालं काही नाही. आता खरंच सांगायची वेळ आली तर कुणी गॅस तरी पेटवेल का? बघू. पुढच्या आठवड्यात तो मासेवाला येईल तेव्हा मागवू तुमचे चंदेरी. आजवर काही झालंय का?" ती म्हणाली, नाही. आजवर काही झालं नव्हतं हे त्या करड्या माशांनी सांगितलं होतं, आणि ते सांगण्यासाठीच जणू ते आणले होते.

निघताना ती पुन्हा त्या पहिल्या खोलीत गेली. पाण्याची धार पडत होती. खोलीत नेहमीचा वास होता, चिखलाचा, गंजाचा, ओल्या सिमेंटचा. आणि त्याखाली आणखी एक. की नव्हता? भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा, जरासा गोड. तिनं तळहातावर पाणी घेतलं आणि नाकाशी धरलं. होता. पुन्हा घेतलं. नव्हता. "वास येतोय का हो कसला?" तिनं विचारलं. ऑपरेटरनं नाक वर करून दोन्ही बाजूंना फिरवलं. "कसला?" तो म्हणाला. "माझा डबा असेल." ती हसली. बसस्टॉपवर उभी असतानाही तिनं हात नाकाशी नेला. नाक हे काही यंत्र नाही हे ती नव्या मुलांना शिकवायची. घाबरलेल्या माणसाला सगळीकडे वास येतात. पण न घाबरलेल्या माणसाला कुठेच येत नाहीत, आणि या दोघांत कुणाचं नाक बरोबर हे ठरवायला तिसरं नाक लागतं. ते तिसरं नाक आजवर दादाचं होतं. समोरच्या दुकानात कुणीतरी पाइपनं फुटपाथ धूत होतं. पाणी गटारात जात होतं, सूर्यप्रकाशात स्वच्छ, चकाकतं. हे सगळं आपल्या खोलीतून आलंय, असं तिला वाटलं, आणि एरवी या विचारानं जो थोडासा अभिमान वाटायचा तो आज आला नाही.

दादा संध्याकाळी आला. बरोबर भाची होती, तिचं पोट आता चांगलं दिसायला लागलं होतं. दादानं रंगीत शर्ट घातला होता. आयुष्यभर करडे, पांढरे शर्ट घालणारा माणूस. या शर्टावर होड्या होत्या. "काय भोंगेसाहेब!" नवऱ्यानं दारातच त्याला मिठी मारली. "आता कर्णा विकणार का?" "घेतोस का?" दादा म्हणाला. "वापरलेला आहे, पण आवाज अजून खणखणीत." ते दोघं बाहेर हसत बसले आणि भाची तिच्यामागून स्वयंपाकघरात आली, स्टुलावर टेकली, आणि न सांगता बटाटे सोलायला लागली. ही मुलगी लहानपणी बापाच्या भाषणांना तोंडपाठ साथ द्यायची. आता तिच्या बोटांवर जरा सूज होती.

"बाबा बदललेत ना, आत्या?"

"शर्ट बदललेला दिसतोय."

भाची हसली नाही. "मीच केलं ते," ती म्हणाली. सालाची लांब पट्टी तुटू न देता ती बटाटा फिरवत होती. "मी सांगितलं त्यांना. म्हटलं, बाबा, मला हे बाळ हवंय. पण तुमचं ऐकत ऐकत मी ते वाढवू शकत नाही. मला रोज उठल्यावर त्याची माफी मागावीशी वाटते. एकदा तरी म्हणा, सगळं ठीक होईल. खोटं म्हणा, पण म्हणा." पट्टी तुटली. "किती दिवस बोललेच नाहीत माझ्याशी. मग एक दिवस आले आणि म्हणाले, होईल गं ठीक."

"आणि घर?"

"ते मी नव्हतं सांगितलं. त्यांनीच घेतलं. म्हणाले, नुसतं तोंडानं म्हटलेलं तुला खरं वाटायचं नाही."

"मग वाटतं का खरं?"

भाचीनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न दिसलेलं काहीतरी होतं. परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन आलेल्या मुलीसारखा तो चेहरा सैल होता. "बाबांनी घर घेतलंय, आत्या," ती म्हणाली. "समुद्राला लागून. *बाबांनी!*"

भातावरचं झाकण थडथडत होतं. तिनं गॅस बारीक केला. म्हणजे असं झालं होतं तर. दादानं आपल्या विहिरीला आतून झाकण घातलं होतं आणि त्या झाकणावर घर बांधलं होतं, मुलीला त्यावर निजता यावं म्हणून. तो मूर्ख झाला नव्हता. त्याला सगळं ठाऊक होतं. ती मान खाली घालून बटाटे चिरत राहिली आणि तिच्या मनात एकच हट्ट धरला गेला, लहान मुलीसारखा: यानं पुन्हा ओरडावं. जेवताना, सगळ्यांसमोर, नेहमीसारखं. नवऱ्यानं डोळे फिरवावेत, कुणीतरी लिफ्टचा विनोद करावा. मला हसू दे. मला झोपू दे.

पण जेवताना दादा मासेमारीबद्दल बोलला, पडद्यांबद्दल बोलला, व्हरांड्यात पाळणा कुठे बांधायचा याबद्दल बोलला. नवऱ्यानं एकदा मुद्दाम डिवचलं, "पण भरती आली की पाळणा आपोआप हलेल, नाही का?" आणि दादा सगळ्यांच्या आधी हसला. फार पटकन हसला. हसताना त्याची नजर मुलीकडे गेली आणि ती हसतेय हे बघून परत आली. तिनं ते पाहिलं. ती पावलं तिला ओळखता येत होती. तो अजून बटणंच बघत होता, फक्त आता एकच बटण उरलं होतं.

"आत्या, पाणी," भाची म्हणाली. "माझं बाटलीतलं संपलं. नळाचं चालेल ना? तुझ्याच कारखान्याचं."

"आणते," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात तिनं पेला नळाखाली धरला. पाणी भरलं. बुडबुडे वर आले आणि विरले. तिनं पेला नाकाशी नेला. होता, की नव्हता. चाचण्या सगळ्या बरोबर होत्या. शक्यता फार, फार कमी होती; किती कमी तेही ती सांगू शकली असती, जर विचारण्यासारखं नाव माहीत असतं. उकळावं का? जे काय असेल ते उकळून जाईलच असं कुठे होतं, आणि उकळायला ठेवलं की बाहेरून विचारतील, का? तिनं ते पाणी ओतून दिलं आणि नवं भरलं, जणू दुसरं पाणी वेगळ्या नदीतून येणार होतं. पेला घेऊन ती टेबलापाशी आली. भाचीनं हात पुढे केला. आणि तिनं पेला द्यायच्या ऐवजी आपल्या ओठांना लावला आणि अर्धा प्यायली. पिऊन ती तशीच उभी राहिली, थोडी वाकलेली, आत कान लावल्यासारखी. किती वेळ ते तिला कळलं नाही. आपण काय करतोय हे कळलं तेव्हा तिला हसूच येणार होतं, कारण एवढ्यात माशालासुद्धा काही झालं नसतं.

"अगं, मला तहान लागलीय की तुला?" भाची म्हणाली. नवरा हसला. "बघ, ही कसली केमिस्ट! आधी स्वतः चाखून बघते."

दादा हसला नाही. त्याचा घास हातातच राहिला होता. तो तिच्याकडे बघत होता, तिच्या ओठांकडे, पेल्याकडे, पेला धरलेल्या बोटांकडे. तिनं पेला भाचीला दिला. भाचीनं तो तोंडाशी नेला.

"थांब," दादा म्हणाला.

तो आवाज कुणी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. मोठा नव्हता, पण टेबलावरच्या सगळ्या वस्तू त्यानं जागच्या जागी धरून ठेवल्या. भाचीचा हात अर्ध्यावर थांबला. तिच्या चेहऱ्यावरचं ते सैलपण एका क्षणात आवळलं; घाम फुटावा तशी जुनी भीती त्यावर उमटली, आणि तिचा दुसरा हात पोटावर गेला. "काय, बाबा?" ती म्हणाली. "काय झालं?"

दादाला ठाऊक नव्हतं. त्यानं फक्त आपल्या बहिणीचा चेहरा वाचला होता. आता तो तिच्याचकडे बघत होता, तिनं सांगावं म्हणून, आणि त्या बघण्यात तिला इतकी ओळख होती, अंधारात बोळातून परत येणाऱ्या पावलांइतकी, की तिला रडू आलं असतं. दिवसभर तिला हेच हवं होतं. तो उठला होता. आता फक्त तिनं म्हणायचं होतं, दादा, टाकीतले मासे बदललेत, मला वास येतो की नाही ते मला कळत नाहीये, तू बघ. एवढं म्हटलं की पुढचं त्यानं घेतलं असतं. त्यानं पेला हिसकावून घेतला असता, साहेबांना आत्ताच्या आत्ता फोन लावला असता, नवरा हसला असता, आणि भाची आज आणि उद्या आणि त्यानंतर रोज, समुद्राला लागून असलेल्या त्या घरात, पोटावर हात ठेवून जागी राहिली असती. भाची तिच्याकडे बघत होती.

"काही नाही गं," ती म्हणाली. "मी घाईत पेला नीट धुतला की नाही, ते बघत होते. पी."

आवाज चांगला लागला. जरासा हसरा, अगदी काल फोनवर दादाचा लागला होता तसा. भाचीनं तिच्याकडे बघितलं, मग बापाकडे. मग तिचे खांदे खाली आले आणि ती प्यायली, तळापर्यंत, मान मागे टाकून, तहानेल्या माणसासारखी. गळ्यातून पाणी उतरताना दिसत होतं.

दादानं तोंड उघडलं. हवेचा एक घोट घेतला. आणि पुन्हा ताटावर वाकला.

"हुश्श," भाची म्हणाली. "गार आहे. अजून दे ना."

"भोंग्याची सवय काही जात नाही हो," नवरा म्हणाला. त्यानं भाचीचा रिकामा पेला बायकोकडे सरकवला. "आणि तू काय उभी? काय म्हणतात आज मासे?"

तिनं पेला उचलला. दादा मान वर न करता ऐकत होता.

"मजेत," ती म्हणाली.